छत्तीसचा आकडा

आमच्या हॉस्टेलवर एक अलिखित नियम आहे. सेकंड इयरला प्रत्येकाला काही ना काही 'लागतं'. कुणाला गिटार लागते, कुणाला ट्रेकिंग, कुणाला जीआरई, कुणाला प्रेम. मला कॅमेरा लागला. २०२३ च्या दिवाळीत बार्शीला गेले होते, तेव्हा आतेभावाने त्याचा जुना कॅनन १३००डी विकायला काढला होता. बाबांनी निम्मे पैसे दिले, निम्मे मी शिकवणीचे साठवलेले घातले, आणि "सेमिस्टरचा निकाल खाली आला तर कॅमेरा परत" या बोलीवर ते काळं धूड माझ्या गळ्यात पडलं. अक्षरशः गळ्यात. पुढचे दोन महिने मी मेसलासुद्धा तो अडकवूनच जायचे.

सुरुवातीचे दिवस सगळ्यांचे सारखेच असावेत. नळातून पडणारा थेंब. हॉस्टेलची मांजर. मांजर झोपलेली. मांजर जागी (हा एकच फोटो हलला). शनिवारवाड्याचा दरवाजा खालून वर. सिंहगडावरची भजी, मागे धुकं. पार्टनरला खिडकीत बसवून "इकडे बघू नकोस, विचारात आहेस असं दाखव". तिच्या चेहऱ्यावर विचार कधी आलाच नाही, त्यात माझा दोष नाही.

पण एक कबूल करते, त्यातली इंजिनिअरिंगची बाजू मला मनापासून आवडली. ते १.४, २, २.८, ४, ५.६, ८ असे विचित्र आकडे असतात ना, ती दोनच्या वर्गमुळाची भूमिती श्रेणी आहे हे जेव्हा कळलं, तेव्हा मी लेक्चरमध्येच हसले. भोकाचा व्यास वर्गमुळाच्या पटीत बदलला की क्षेत्रफळ दुपटीने बदलतं, म्हणजे प्रत्येक पायरीला उजेड दुप्पट किंवा निम्मा. आयएसओ वाढवला की सिग्नलबरोबर नॉईजही वाढलेला दिसतो. अरे, हा तर आपलाच सिलॅबस! आठवडाभरात मी मॅन्युअल मोडवर आले आणि ऑटोवर फोटो काढणाऱ्या पब्लिककडे बघून नाक मुरडू लागले. 'ट्रायपॉड', 'बोके', 'गोल्डन अवर' हे शब्द मी दिवसातून किमान दहा वेळा वापरायचे. माझ्याशी बोलणं लोकांनी का कमी केलं, ते आत्ता समजतंय.

जानेवारीत आम्ही सहा जण भिगवणला गेलो. उजनीच्या बॅकवॉटरला थंडीत रोहित पक्षी येतात, ते टिपायचे! पहाटे साडेतीनला निघालो, कुंभारगावला होडीत बसलो, सूर्य वर आला, समोर शेकडो रोहित, आणि माझ्याकडे १८-५५ ची किट लेन्स. शेजारच्या होडीतल्या काकांच्या लेन्सच्या नळकांड्यात माझा अख्खा कॅमेरा मावला असता. मी दोनशे दहा फोटो काढले. घरच्या ग्रुपवर पाठवले तेव्हा आईने विचारलं, "पाण्यावर गुलाबी काय सांडलंय?"

असो. मुद्द्यावर येते.

फेब्रुवारीत गॅदरिंगची फोटोग्राफी स्पर्धा होती. एका दुपारी मी मंडईत गेले. पुण्याबाहेरच्यांसाठी सांगते, महात्मा फुले मंडई म्हणजे १८८६ साली सुरू झालेली भाजीबाजाराची दगडी इमारत, मध्ये अष्टकोनी मनोरा. तेव्हाचं नाव रे मार्केट. ज्या जोतीरावांनी नगरपालिकेत असताना या इमारतीच्या खर्चाला विरोध केला असं सांगतात, त्यांचंच नाव पुढे तिला मिळालं. फोटोवाल्यांची ही लाडकी जागा. वरून आणि कडेने उजेड आत येतो, तो भाज्यांच्या ढिगांवर पडतो आणि मधली माणसं अर्धी उजेडात, अर्धी अंधारात. मी एका खांबाआड उभी राहिले. समोरच्या गाळ्यावर एक मावशी कपाळाला हात लावून, मान खाली घालून बसल्या होत्या. पुढ्यात मलूल झालेली कोथिंबीर. ५५ ला झूम, एफ ५.६, आयएसओ १६००. खट्. खट्. खट्. त्यांना कळलंही नाही.

हॉस्टेलवर येऊन फोटो कृष्णधवल केला, कॉन्ट्रास्ट वाढवला, कडा काळ्या केल्या. आणि शीर्षक दिलं, 'हतबल'.

पहिलं बक्षीस! परीक्षकांनी "सामाजिक जाणीव" वगैरे शब्द वापरले. सर्टिफिकेट, हजार रुपये आणि फोटोची मोठी प्रिंट कँटीनबाहेरच्या भिंतीवर आठवडाभर. मी दिवसातून चार वेळा चहाला जायचे. चहा काही इतका भारी नाही.

तिसऱ्या दिवशी कँटीनच्या काउंटरवरच्या दादाने चहा देता देता विचारलं, "ताई, तो भाजीवालीचा फोटो तुम्ही काढला का?"

मी (विनम्रपणे): "हो. आवडला?"

"हतबल म्हणजे काय हो?"

मी सांगितलं. म्हणजे, परिस्थितीपुढे काही चालत नाही असं माणूस, वगैरे.

तो जरा वेळ गप्प राहिला. मागे गिऱ्हाईक उभं होतं, त्याला दोन वडापाव दिले, सुटे मोजले. मग म्हणाला, "माझी आई आहे ती. दुपारी जेवल्यावर तिला डुलकी लागते. पहाटे तीनला उठून मार्केट यार्डात जाते ना. बावीस वर्षं गाळा चालवतीय. ताईचं नर्सिंग तिनंच केलं." मग अगदी सरळ, राग नाही काही नाही, "आईला सांगू का नको, तेच कळंना झालंय."

मी काय बोलले आठवत नाही. बहुतेक 'सॉरी' म्हणाले. प्रिंट काढून घ्यायला हवी होती, हे तेव्हाही कळत होतं. पण काढायला गेले तर लोक विचारणार, का काढली? मग सांगावं लागणार. आज काढू, उद्या काढू करत आठवडा संपला आणि शिपाईकाकांनीच सगळे फोटो उतरवले. हे लिहिताना अजूनही कानशिलं गरम होतात.

त्यानंतर मला फोटो काढता येईना.

गंमत म्हणजे मी स्वतःला खरं कारण सांगितलंच नाही. मला वाटलं, आपण 'अडकलोय'. सगळ्या कलाकारांचं होतं म्हणे असं! मग अडकलेल्या माणसाचे जे जे उपाय असतात ते सगळे केले. तीस दिवस रोज एक फोटो असं ठरवलं, चौथ्या दिवशी चपलेचा फोटो काढला आणि सोडून दिलं. रात्र रात्र व्हिडिओ बघितले. त्यातल्या गोऱ्या माणसाच्या मागे नेहमी बर्फाचे डोंगर असायचे, माझ्यामागे सबमिशन. मग ठरवलं की दोष लेन्सचा आहे. उन्हाळी इंटर्नशिपच्या पैशातून ५० एमएम एफ १.८ घेतली. किट लेन्सच्या ५.६ पेक्षा जवळजवळ दहापट उजेड आत घेते! खोक्यातून काढली, पार्टनरचे दोन फोटो काढले, परत खोक्यात ठेवली. माझ्यात काही दहापट वाढलं नव्हतं.

जूनपासून कॅमेरा कपाटात गेला. पुण्याचा पावसाळा, ओलसर कपाट, आणि बॅगेत सिलिका जेलची एक पुडीही नाही. सप्टेंबरमध्ये सहज बाहेर काढला तर किट लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी नक्षी! बुरशी. दमटपणा राहिला की लेन्सच्या काचेवर बुरशी चढते, हे सगळ्या पुस्तकांत पहिल्या प्रकरणात असतं. मी थेट चौथ्या प्रकरणापासून सुरुवात केली होती. दुरुस्तीवाल्याने सांगितलेल्या पैशात दुसरी जुनी लेन्स आली असती. म्हणजे आता हातात उरली एकटी पन्नास. झूम नाही. मोठं दिसायला हवं असेल तर पायाने जवळ जायचं.

त्याच सुमारास लायब्ररीत (व्हायवाच्या आदल्या दिवशी, जेव्हा अभ्यास सोडून सगळं वाचावंसं वाटतं) दोन माणसं भेटली. एक आपल्या जातीचे, म्हणजे इंजिनिअर. राजा दीनदयाळ. रुरकीच्या थॉमसन कॉलेजात शिकले, इंदूर संस्थानच्या बांधकाम खात्यात एस्टिमेटर आणि ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी केली, आणि कॅमेरा हातात घेतला तो नोकरी लागल्यावर, हौस म्हणून. पुढे निजामाचे दरबारी फोटोग्राफर झाले, 'राजा' ही पदवी तिथलीच. दीडशे वर्षांपूर्वीचा ड्राफ्ट्समन सुट्टीत काचेच्या प्लेटा घेऊन हिंडतोय, हे चित्र मला फार आवडलं.

दुसरा योसेफ सुडेक. प्रागचा. पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा हात गेला. मोठाले लाकडी कॅमेरे तो एका हाताने वापरायचा. प्रागवर नाझींचा अंमल असताना सुरुवात करून, १९४० पासून १९५४ पर्यंत, त्याने आपल्या स्टुडिओच्या खिडकीतून फोटो काढले. चौदा वर्षं एकच खिडकी! काचेवर साचलेली वाफ, बाहेर एक वाकडं झाड, कधी खिडकीत ठेवलेला ग्लास. मी ते पान उलटंसुलटं करून बघत बसले. माझ्या खिडकीबाहेर पार्किंग आहे आणि त्यात खरं सांगते, काहीच नाही. पण माझी एक खिडकी कुठे आहे ते मला माहीत होतं. सहा महिने मी तिकडे पाठ करून उभी होते, एवढंच.

ऑक्टोबर २०२४. शिवाजीनगरहून मंडईपर्यंत मेट्रो नुकतीच सुरू झाली होती. पहिल्या रविवारी गेले, मावशींच्या गाळ्यावरून मेथीची जुडी घेतली, पैसे दिले आणि परत आले. हॉस्टेलमध्ये मेथीचं काय करतात? मेसच्या काकूंना दिली. दुसऱ्या रविवारी पुन्हा मेथी. तिसऱ्या रविवारी मावशी स्वतःच म्हणाल्या, "गळ्यात कॅमेरा आन् हातात मेथी. तूच का गं ती? माझा झोपेतला फोटो काढनारी?"

मुलाने त्यांना तेव्हाच सांगितलं होतं! मोबाईलवर फोटोही दाखवला होता.

"मावशी, चुकलं माझं," मी म्हणाले. तयार करून आणलेलं मोठं वाक्य होतं, ते विसरले.

"झोपलेल्या मान्साचा फोटो काढतात व्हय? डोळं मिटलेला फोटो आमच्यात मेल्यावर काढतात." आजूबाजूचे दोघे-तिघे हसले. मावशी हसल्या नाहीत. एक गोणपाट सरकवलं. "बस. ही मेथी निवड आधी."

दीड तास निवडली. फोटो एकही नाही.

त्या दिवशी परत येताना मेट्रोत नियम ठरवले. एकच लेन्स. एकच जागा. दर रविवारी फक्त छत्तीस फोटो, पूर्वीच्या एका रोलएवढे. आणि मागच्या स्क्रीनवर काळी इन्सुलेशन टेप (इलेक्ट्रिकल लॅबमधून उधार, अजून परत केलेली नाही). म्हणजे काढलेला फोटो हॉस्टेलवर पोहोचेपर्यंत दिसणार नाही. आणि सातवा नियम नव्हे तर पहिला: विचारून.

पहिल्या रविवारचे छत्तीसच्या छत्तीस वाया. दुसऱ्याचेही. पण आता वाया का गेले हे दिसायला लागलं, कारण एका जागी एकाच लेन्सने काढल्यावर सबबी संपतात. एफ १.८ वर एक मीटरवरून काढलं की जेमतेम अडीच-तीन सेंटीमीटर खोलीचा भाग शार्प येतो. मावशींचं कुंकू शार्प, डोळे विरघळलेले! नाहीतर मागची दुधी भोपळ्याची रांग स्पष्ट आणि मावशी धूसर. मग एफ ४ वर आले आणि शटर राखण्यासाठी आयएसओ चढवला. मीटरचीही एक खोड कळली. त्याला सगळं जग मधल्या करड्या छटेचं वाटतं. फ्रेममध्ये पांढरा मुळा आणि फ्लॉवर भरला की तो घाबरून उजेड कमी करतो, वांगी भरली की वाढवतो. मुळ्याच्या बाजूने काढताना एक स्टॉप वर, वांग्याच्या बाजूने एक खाली, हे मी कुठल्याही व्हिडिओत ऐकलं नव्हतं. ते मला मावशींच्या गाळ्याने शिकवलं.

सगळ्यात मोठा शोध साडेआठचा. सकाळी साडेआठच्या सुमाराला कडेचा उजेड तिरपा आत येतो आणि नेमका त्याच वेळी मावशी भाजीवर पाणी मारतात. डब्याला भोकं पाडलेली, हाताने झटका दिला की थेंब उडतात, उजेडात चमकतात. ही वेळ वीसेक मिनिटं टिकते. सहा रविवार मी नऊला पोहोचत होते!

मी दर आठवड्याला छोट्या प्रिंट्स नेऊन दाखवायचे आणि मावशी परीक्षण करायच्या. असं परीक्षण कॉलेजात कुणी करत नाही. "यात काटा दिसंना. काटा न्हाई तर गिऱ्हाइकाला काय कळनार?" "ह्यात शेपू वाळलेला दिसतोय, लोक म्हन्तील शिळा माल इकती." "हात चांगलं आल्यात. पन नुसतं हातच का काढतीस, मी काय तुटलीय?" या शेवटच्या वाक्यावर मी दोन दिवस विचार केला. माझ्या जुन्या फोल्डरमध्ये बघितलं तर हात, सुरकुत्या, पाठी, सावल्या. पूर्ण माणूस कुठेच नाही. समोरून, डोळ्यांत बघून, एकही नाही.

आणि समोरून काढायला गेलं की मावशी ताठ! पदर डोक्यावर, ओठ घट्ट, नजर थेट भिंगात, आधार कार्डचा फोटो. मी म्हणायचे, "मावशी, सहज राहा की." त्या म्हणायच्या, "फोटो काढताना सहज कोन ऱ्हातं?" आमचा छत्तीसचा आकडा तिथेच होता. मला त्या नकळत हव्या होत्या, त्यांना त्या कळून हव्या होत्या.

मध्ये डिसेंबर-जानेवारीत पुन्हा तेच. काहीच दिसेना. तीच मेथी, तोच काटा, तोच कॅलेंडरवरचा विठोबा. पूर्वीसारखी घाबरगुंडी मात्र उडाली नाही. फोटो नसले तरी निवडायला भाजी होती, आणि मावशी मला पाहिल्यावर गोणपाट सरकवायच्याच. दोन रविवार मी कॅमेराच नेला नाही. तिसऱ्या रविवारी नेला तर मावशींची नर्स झालेली मुलगी आली होती, ड्युटीवरून थेट. आई तिला डब्यातली भाकरी भरवत होती आणि दुसऱ्या हाताने गिऱ्हाइकाला सुटे देत होती. मी विचारलं, "काढू?" मुलगी म्हणाली, "माझा नको, केस बघा कसे झालेत." नाही काढला. तो फोटो अजून डोळ्यांसमोर आहे, तसाच राहू दे.

२०२५ च्या फेब्रुवारीत पुन्हा गॅदरिंग, पुन्हा स्पर्धा. मी दोन प्रिंट्स घेऊन मंडईत गेले. एक माझी आवडती: साडेआठचा उजेड, हवेत थांबलेले थेंब, मागे मावशींचा चेहरा अर्धा उजळलेला. आयुष्यात मी काढलेला सर्वात चांगला फोटो, निदान आतापर्यंतचा. दुसरी मावशींनी हट्टाने काढून घेतलेली. संक्रांतीची नवी साडी, गाळ्यामागे उभ्या, दोन्ही तळवे फळीवर टेकलेले, डावीकडे काटा, उजवीकडे टोमॅटोचा रचलेला ढीग, नजर थेट समोर. सरळ, सपाट, मधोमध. कॉम्पोझिशनच्या पुस्तकातले सगळे नियम मोडणारी.

"कुठली देऊ?"

मावशींनी क्षणही लावला नाही. "ही. हिच्यात मी हाय."

मी पाण्याच्या थेंबांबद्दल बोलले. उजेडाबद्दल बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. "चांगला हाय की. पन त्यो पान्याचा फोटो हाय."

"बरं. शीर्षक काय लिहू?"

"म्हंजी?"

"खाली नाव लिहायचं असतं फोटोचं."

"मग माझं नाव लिही की!"

लिहिलं. पूर्ण नाव, आडनावासकट. (इथे लिहीत नाही, कारण मासिकाचं विचारल्यावर मावशी म्हणाल्या, "त्येच्यात नको, त्यात फोटो रंगीत येत न्हाई.")

बक्षीस मिळालं नाही. उत्तेजनार्थसुद्धा नाही. परीक्षकांनी सगळ्यांना सांगितलं की समोरून काढलेले, पोज दिलेले फोटो टाळावेत. पार्टनर म्हणाली, थेंबवाला दिला असतास तर पहिला होता. असेलही. मला वाईट वाटलं नाही असं म्हणाले तर ते खोटं होईल. त्या रात्री थेंबवाला फोटो उघडून बराच वेळ बघत बसले होते.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी कँटीनवाल्या दादाने आईला आणलं. दुपारची वेळ, म्हणजे मावशींची डुलकीची वेळ. त्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या. चपला काढल्या होत्या, का ते कळलं नाही. फोटो बघितला, खालचं नाव मुलाकडून वाचून घेतलं, मग जवळ जाऊन पुन्हा फोटो बघितला. बाजूने दोन फर्स्ट इयरची मुलं गेली, त्यांनी एकदा फोटोकडे बघितलं, एकदा मावशींकडे.

"काटा नीट आलाय," मावशी म्हणाल्या. मग मुलाकडे वळून, "हिथं चा केवढ्याला इकतुस रं?"

ती प्रिंट आता गाळ्यावर आहे, विठोबाच्या कॅलेंडरशेजारी. रोज साडेआठला भाजीबरोबर तिच्यावरही पाणी उडतं. एक कोपरा फुगलाय. मागच्या आठवड्यात मावशींनी बजावलंय, लॅमिनेशन करून आण, आणि येताना मोठी पिशवी आण, आवळे आलेत. उद्या रविवार. गजर सातचा लावलाय.